लॅबमधली ती निळी खिडकी आता बंद करा!

मित्रांनो, पोस्ट थोडी लांब आहे, पण ज्यांची पोरं डिप्लोमा-इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

1959 मध्ये अमेरिकेत मशीन बदललं की बरेचसे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागायचे. हा खर्च संरक्षण खात्यालाही परवडेना. त्यांनी कंपन्यांना पेंटागॉनमध्ये एकत्र बसवलं आणि त्यातून कोबोल आली. डिसेंबर 1960 मध्ये जवळपास तोच प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवला. स्टँडर्ड म्हणजे हेच. गिऱ्हाईक एका कंपनीच्या दावणीला बांधलं जाऊ नये, म्हणून केलेला करार!

पुढे सी भाषेसाठी 1983 मध्ये समिती बसली, 1989 मध्ये अमेरिकन स्टँडर्ड आलं, 1990 मध्ये आंतरराष्ट्रीय. सी प्लस प्लसचं आलं 1998 मध्ये. त्या वर्षी जन्मलेली पोरं शिकून नोकरीला लागली.

आणि आपल्याकडे? आपल्या भागातल्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी टर्बो सी प्लस प्लस चालू असलेलं पाहिलंय. स्टँडर्ड यायच्या आधीचं, डॉसवरचं सॉफ्टवेअर. नव्या विंडोजवर ते सरळ चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये घालून चालवायचं. त्यात 'आयओस्ट्रीम डॉट एच' लिहायचं, 'व्हॉइड मेन' लिहायचं. सी प्लस प्लसच्या स्टँडर्डमध्ये यातलं पहिलं नाही आणि दुसरं चालतच नाही. साध्या इंटमध्ये 40000 ठेवले तर उत्तर येतं उणे 25536. पोरगं मुलाखतीला जातं, तिथल्या कंपायलरवर हाच प्रोग्रॅम टाकतं, आणि समोर एररची रांग!

विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बेसिक पक्कं झालं की बास. भाषा कुठलीही असो." मग सर, 'इंट मेन' लिहिणाऱ्या पोराचे मार्क का कापता? पैशाचं कारण तर सांगूच नका. जीसीसी हा कंपायलर 1987 पासून फुकट मिळतोय.

माणसाची बोली जपायलाच हवी, ती त्याची स्वतःची असते. पण ही बोली एका कंपनीच्या जुन्या मालाची आहे, आणि तिची किंमत गावाकडचं पोरगं मोजतंय. शहरातलं पोरगं क्लास लावून सुटतं.

मागणी साधी आहे. अभ्यासक्रमात कोणत्या वर्षाचं स्टँडर्ड ते स्पष्ट लिहा, आणि प्रॅक्टिकलचे मार्क त्यानुसारच द्या. पालकांनो, पुढच्या मीटिंगला फीसोबत हाही प्रश्न विचारा. पटलं तर शेअर करा.