देवांसाठी नदी ओलांडली, मुलांसाठी उंबरठा का नाही?

कोगनोळीचा टोलनाका आमच्या बहुतेक वाचकांनी ओलांडलेला असेल. कोल्हापुराहून निघावे, कागल मागे पडावे, दूधगंगेचा पूल लागावा आणि पाठोपाठ कर्नाटकाची पाटी दिसावी, असा तो क्रम आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ही रेघ येथे ओढली, आणि तेव्हापासून या ठिकाणाने अडवणूक पुष्कळ पाहिली. २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाच्या तपासणीचा दाखला जवळ नसलेल्यांना येथूनच माघारी धाडले गेले. २०२२ च्या डिसेंबरात बेळगावच्या मेळाव्यास निघालेल्या महाराष्ट्रातील पुढाऱ्यांना पोलिसांनी येथेच रोखले. सीमा हा शब्द उच्चारला की आम्हां सीमाभागातील माणसांचे रक्त तापते, आणि ते तापण्यास कारणेही आहेत. परंतु आज आम्हांला लिहावयाचे आहे ते दुसऱ्याच एका सीमेविषयी. ती कोणत्याही आयोगाने आखलेली नाही. ती आमच्याच घरांच्या दारात आहे, आणि तिच्यावर पहारा करणारेही आम्हीच आहोत.

गेल्या दिवाळीनंतर कोगनोळीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. घराणे कोकणी बोलणारे, तंबाखूच्या व्यापारानिमित्त काही पिढ्यांपूर्वी निपाणीच्या बाजूस येऊन स्थिरावलेले; कुलदेवता फोंड्याची. याहून अधिक ओळख आम्ही देणार नाही. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा. दहावीत गुण कमी पडले, अकरावीत जेमतेम दोन महिने कॉलेजात गेला, आणि मग माडीवरच्या खोलीतून खाली येईनासा झाला. रात्रभर जागा, दिवसा पडून. तबला सोडला. मित्र आले तर दार उघडीना. एकदा आईच्या अंगावर धावून गेला, आणि नंतर तिच्याच पायाशी बसून रडला. चतुर्थीच्या दिवसांत अंगरख्याची बाही वर सरकली तेव्हा आईला मनगटाच्या वर ब्लेडचे वण दिसले, ओळीने काढलेले.

या नऊ महिन्यांत घरच्यांनी काय काय केले, ते गृहस्थांनी आम्हांला सविस्तर सांगितले. फोंड्याला तीन वेळा जाऊन प्रसाद लावला. गाणगापूरला संगमावर स्नान घालून आणले. चिकोडीकडच्या कोणा जाणकाराने लिंबू उतरवले आणि दंडात गंडा बांधला. फोन अंगणातल्या धुण्याच्या दगडावर फोडला. थोरल्या काकांनी पट्ट्याने मारले. आजी एकच वाक्य म्हणत राहिली : "आमच्या घराण्यांत अशें केन्नाच जावंक ना." हे सारे केल्यावर आम्ही विचारले, डॉक्टरांना दाखवलेत काय? गृहस्थ गप्प बसले. कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय त्यांच्या घरापासून पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे. फोंड्याची वाट त्याच्या अनेक पट लांब, घाट उतरून जाणारी. ती तीन वेळा झाली. ही एकदाही नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "थोरल्या मुलीचे जमवायचे आहे. वेड्यांच्या डॉक्टरकडे मुलगा नेला हे कळले, तर स्थळ येईल का?"

आम्ही त्यांना इतकेच विचारले : तुमची कुलदेवता मूळची फोंड्याची आहे काय?

वाचकहो, हा प्रश्न आपण सर्वांनी स्वतःस विचारावा असा आहे. श्रीमंगेश मूळचे कुशस्थळीचे. शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतील देवळे पाडावयास आरंभ केला, तेव्हा आमच्या पूर्वजांनी देव उचलले, अघनाशिनी ओलांडली आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर अंत्रुज महालात, दुसऱ्यांच्या राज्यात, दुसऱ्यांच्या जमिनीवर त्यांची स्थापना केली. प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ ही नावे आज आपण अभिमानाने घेतो. ती मूळची आश्रयस्थाने आहेत. त्या रात्री कोणी पुढे येऊन म्हणाले असते की गावची गोष्ट गावातच मिटवू, देव बाहेर नेला तर चार लोक काय म्हणतील, तर आज आपण कोणापुढे हात जोडले असते? ज्या समाजाने प्रत्यक्ष देवासाठी बाहेरचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानला नाही, त्या समाजाला पोटच्या पोरासाठी ते घेताना लाज वाटते. ही लाज परंपरेतून आलेली नाही. परंपरा नेमकी याच्या उलट आहे.

येथे कोणी म्हणेल, हे मासिक आता देवळांवर उठले. तसे मुळीच नाही. संकटात माणूस देवापाशी जाणारच, आणि देवळाच्या शांत चौकात बसून एखाद्या आईला चार अश्रू गाळता येतात हेही थोडे नव्हे. आमचा आक्षेप इतकाच, की मुलाचा पाय मोडला असता आपण प्रसादाची पाकळी उजवी पडण्याची वाट पाहत थांबत नाही. देवाला सांगून हाडवैद्याकडे किंवा इस्पितळात धावतो. मन मोडले की मात्र देवालाच डॉक्टर करून टाकतो. यात देवाचा मान वाढत नाही. त्या गृहस्थांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती फार बोलकी आहे. तिसऱ्या खेपेस फोंड्याच्या भटजींनीच त्यांना बाजूला घेऊन म्हटले, "याला आता चांगल्या डॉक्टरांना दाखवा." गृहस्थ रागावले! त्यांना तो अपमान वाटला. आमच्या मते त्या नऊ महिन्यांत त्या घराला मिळालेला खरा प्रसाद तोच होता.

चिकोडीच्या जाणकाराविषयी मात्र आम्हांला असे मवाळ बोलवत नाही. नाक्याच्या दोन्ही बाजूंस आता अशा धंद्याविरुद्ध कायदे आहेत : महाराष्ट्रात २०१३ चा, ज्याचा अध्यादेश डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर काही दिवसांतच निघाला, आणि कर्नाटकात २०१७ चा. आणि एरवाडी आम्ही विसरलो असू तर आठवावे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील त्या गावी, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खाजगी आश्रमात आग लागली. मनोरुग्ण साखळदंडांनी जखडलेले होते; अठ्ठावीस जण दगावले. ते आमचे धर्मस्थान नव्हे म्हणून कोणी सुस्कारा सोडू नये. आपल्या सुजाण समाजातही खोलीला बाहेरून कडी घालणारी घरे आम्हांला ठाऊक आहेत.

"आमच्या वेळी असले काही नव्हते," हा दुसरा बचाव. नव्हते, की बोलले जात नव्हते? विहिरीत 'पाय घसरून' पडलेली पोरे आणि परगावी 'निघून गेलेले' चुलते कोणत्या घराण्याच्या वंशावळीत नाहीत? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयाच्या मुलांत सुमारे ७.३ टक्क्यांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. हे वयच तसे असते, असेही सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे. उलट उत्तरे, आरशापुढचा वेळ, बापाशी अबोला, यांसाठी कोणी डॉक्टर गाठू नये. परंतु झोप आणि भूक आठवड्यांमागून आठवडे बिघडलेली आहे, आवडीची गोष्ट सुटली आहे, मूल स्वतःस इजा करते आहे, मरणाचे बोलते आहे, तेव्हा वयाकडे बोट दाखविणे म्हणजे केवळ वेळ काढणे होय. ब्लेडच्या वणांना पट्ट्याचे वण हा कोणत्या शास्त्रातला उपाय?

आता त्या थोरल्या मुलीच्या स्थळाकडे येऊ, कारण खरे मर्म तेथे आहे. तो बाप मूर्ख नव्हता. त्याने हिशेब बरोबर केला होता. मुलाला डॉक्टर दाखविण्याची किंमत मुलीने मोजावी लागेल हे त्याला ठाऊक होते, आणि ती किंमत ठरविणारे आपण आहोत. स्थळ पाहताना "घरात कोणाला काही नाही ना?" हे हळू आवाजात विचारणारे आपण. मधुमेहाची गोळी पंगतीत सर्वांसमक्ष घेणारे, आणि मनाच्या औषधाची चिठ्ठी कपाटाच्या तळाशी दडविणारेही आपणच. आम्ही स्वतःसही यातून वगळत नाही. याच पानांवर दर वर्षी नव्वद टक्क्यांवरील मुलामुलींची छायाचित्रे आम्ही हौसेने छापतो, शाल-श्रीफळाचे वृत्तांत देतो. छप्पन टक्के मिळालेला मुलगा तो अंक माडीवरच्या खोलीत कोणत्या डोळ्यांनी वाचतो, याचा विचार आमच्या मनास इतक्या वर्षांत शिवला नाही.

काकांनी सुचविलेला शेवटचा उपाय होता, मुलाला दूरच्या वसतिगृहात टाकण्याचा, म्हणजे 'सुधारेल'. यालाही पुष्कळ लोक बाहेरची मदत समजतात. आम्ही याला टाकून देणे म्हणतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा या बाबतीत आमच्या काकालोकांहून शहाणा आहे. अल्पवयीन मुलाला उपचारासाठी दाखल करावयाचे तर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तशी गरज ठरवावी लागते, प्रौढ रुग्णांपासून वेगळी जागा द्यावी लागते, आणि पालकाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ मुलाजवळ राहावे लागते. कोणालाही साखळीने बांधण्यास त्यात मनाई आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या मुलामागे पोलीस लागतील ही जुनी भीतीही आता धरू नये. असा माणूस मोठ्या मानसिक ताणाखाली होता असे हा कायदा गृहीत धरतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो जुना ३०९ कलमाचा गुन्हाच उरलेला नाही. बहुतेक मुलांना दाखल करावेही लागत नाही. बोलणे, लागल्यास औषध, आणि आईबापांनीही समुपदेशकासमोर बसून चार गोष्टी ऐकून घेणे, हाच मुख्य उपचार. बापांना या शेवटच्या गोष्टीची सर्वांत अधिक धास्ती वाटते.

सोय नाही ही तक्रारही पूर्वीसारखी खरी राहिलेली नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीसह वीस भाषांत बोलता येते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. धारवाडची मनोरुग्ण संस्था १८४५ पासूनची. गोव्यात १९५७ साली मनोरुग्णालय निघाले, ते आबे फारियांच्या नावाने. कांदोळीत जन्मलेल्या या गोमंतकीयाने पॅरिसमध्ये ठासून सांगितले होते, की संमोहनाची किमया करणाऱ्याच्या हातांत नसून ज्याच्यावर ती होते त्याच्या मनातच असते. पणजीच्या त्या पुतळ्यासमोर आपण छायाचित्रे काढून घेतो! सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जुलैत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांनी तो नेमला काय, हे त्यांच्या पुढच्या वार्षिक सभेत सभासदांनी उठून विचारावे.

देवस्थान समित्यांकडे आमचे मागणे लहान आहे. प्रत्येक देवळात अभिषेक, लघुरुद्र, महानैवेद्य यांच्या देणग्यांचा फलक असतो. त्याखाली १४४१६ हा आकडा रंगवावा. पुरोहितांना सांगावे, की त्या भटजींनी जे बाजूला घेऊन म्हटले ते मोठ्याने म्हणा. आणि विवाहमंडळांनी निदान आपल्या छापील अर्जातील 'कुटुंबात मानसिक आजार आहे काय' हा रकाना जेथे असेल तेथे काढून टाकावा. वधू-वरांनी परस्परांस काय सांगावे ते त्यांचे ते पाहतील.

गृहस्थ परत गेले ते फारसे समाधानाने गेले नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. मुलगा आणि त्याची आई सकाळच्या एस्‌टीने कागलवरून कोल्हापूरला जाऊन आली होती. तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, पुढच्या खेपेस बापालाही बोलावले आहे. मुलीच्या स्थळाचे आम्ही विचारले नाही. त्यांनीच सांगितले, की पाहुण्यांना आपण होऊन कळवले आहे, आणि उत्तराची वाट पाहत आहोत.