अर्धवट लेण्यासमोर थांबा

अजिंठ्याला आलेली मंडळी १ नंबरच्या लेण्यात पद्मपाणीसमोर गर्दी करतात, मग १६, १७, १९ करत २६ नंबरच्या महापरिनिर्वाणाकडे निघतात. वाटेत २४ नंबर लागतं. "ते अर्धवट आहे, चला पुढे," असं म्हणत बहुतेक जण तिथून निघून जातात. चित्रकलेची शिक्षिका म्हणून जळगावहून मुलांच्या सहली नेताना मी मात्र तिथे हटकून थांबायचे. वेळ कमी असेल तर दुसरं काही वगळावं, २४ नंबर वगळू नये, असं माझं ठाम मत आहे.

ते पुरं झालं असतं तर अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. काम कसं चालायचं ते तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. कातळात आधी लांबच लांब चर खणत जायचं, मधल्या भिंती तशाच ठेवायच्या आणि मग त्या फोडून काढायच्या. आतले खांब अजून ओबडधोबड आहेत, टाकीचे घाव अंगावर जसेच्या तसे. ओसरीतलं नक्षीकाम मात्र बारीक आणि सफाईदार. म्हणजे आत कातळ फुटायचा बाकी होता, तेव्हाच बाहेर कुणीतरी मन लावून नक्षी कोरून ठेवली होती. आधी सगळं उरकू आणि मग सजवू, असा त्यांचा हिशेब नव्हता.

वाकाटक सम्राट हरिषेण इ.स. ४७७च्या सुमारास गेला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत इथली कामं बंद पडली, असं अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांचं मत. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. कारण काहीही असो, सर्वांत मोठा विहार, म्हणजे ४ नंबर, तोसुद्धा पुरा झाला नाही. आपण सगळेच चालू कामात येतो आणि चालू कामातून उठून जातो. जगाची रीतच ती आहे, त्यात कमीपणा कसला?

आणि पुरं झालेलं तरी कुठे टिकतं? रॉबर्ट गिल यांनी १८४०च्या दशकापासून वर्षानुवर्षं इथे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. पुढे १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कला शाळेतले विद्यार्थी तेच काम नव्याने करायला बसले. त्यातलीही बरीच चित्रं १८८५मध्ये लंडनलाच आगीत सापडली. तरी पुढच्या शतकात त्याच कामासाठी लेडी हेरिंगहॅम आल्या, त्यांच्याबरोबर तरुण नंदलाल बोस आले. मला या माणसांबद्दल विलक्षण आदर वाटतो.

माझा धाकटा भाऊ घराचा वरचा मजला बांधत असताना गेला. स्लॅब पडला होता, गिलावा व्हायचा होता. भेटायला येणारे वर बघून म्हणायचे, "बिचाऱ्याचं अर्धवटच राहिलं." मला ते तेव्हाही पटलं नाही. संध्याकाळी कामावरून आला की चहाही न घेता तो स्लॅबला पाणी मारायला वर जायचा. त्या वेळचा त्याचा आनंद काही अर्धा नव्हता.

आता कुणी गेल्यावर त्यांच्या घरी भेटायला गेले की काय राहून गेलं, हे मी बोलत नाही. शेवटी शेवटी ते कशात रमले होते, एवढं विचारते. घरातली माणसं आधी गप्प होतात, मग भरभरून सांगू लागतात.