आधी वजन, मग ट्रेलर

जबलपूरला पोस्टिंग आली की गाड्यांचं वेड असलेल्या माणसाचं काही खरं नसतं. तोफगाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४ पासून आहे. शक्तिमान ट्रक याच शहरातून बाहेर पडले. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. जोंगाच्या तर नावातच हे गाव आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली. अशा गावात वेल्डर शोधावा लागत नाही. कोणत्याही मोहल्ल्यात कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा फिटर असतोच, आणि त्याला नुसतं "दादा, एक चीज बनवानी है" म्हटलं की तो खडू घेऊन फरशीवर आकृती काढायला बसतो.

त्यामुळे आमच्या लाइनमध्ये ट्रेलरची साथ आली याचं मला नवल वाटलं नाही. गाडीमागे जोडायचा, कच्च्या रस्त्यावर चालणारा, झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला ट्रेलर. बायको-मुलांना घेऊन बर्गीच्या जलाशयाकाठी, अमरकंटकला, सुट्टीत थेट गावापर्यंत. कल्पना मला मनापासून पटते. फौजी माणसाचं घर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, शाळा बदलते, मुलांचे मित्र बदलतात. वर्षात हाताशी येणारे दिवस मोजके, त्यातले निम्मे लग्नं, बारशी आणि शेताच्या बांधाच्या भांडणात जातात. उरलेले चार दिवस चौघांनी एका ठिकाणी काढायचे, तर स्वतःचं काहीतरी चाकावर असावं, यात चूक काही नाही.

माझं भांडण आहे ते लोक काय बांधतात त्याच्याशी. आधी खोलीचं चित्र काढतात. मग त्यात फ्रिज, दुहेरी पलंग, बेसिन, टीव्ही. मग त्याला चाकं लावतात. वजन किती भरलं हे शेवटपर्यंत कोणी विचारत नाही.

मागच्या हिवाळ्यात अशाच एका ट्रेलरबरोबर मी अमरकंटकला गेलो होतो. ट्रेलर माझ्या एका मित्राचा, पुढच्या सीटवर मी, मागे दोन्ही घरची मुलं. जाताना सगळं झकास. परतीला उतारावर वेग जरा वाढला आणि मागून कोणीतरी गाडीची शेपटी धरून हलवतंय असं वाटायला लागलं. आधी हळू, मग जोरात. आरशात ट्रेलर एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे. मित्र मुरलेला ड्रायव्हर. त्याने ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडला, आणि गाडी आपोआप वळणीवर येऊ दिली. समोरून ट्रक आला नाही, हे नशीब. मुलांना वाटलं काका गंमत करतायत. मी मात्र पुढचा तासभर बोललो नाही.

जबलपूरला पोहोचल्यावर घरी जाण्याआधी आम्ही तो ट्रेलर धर्मकाट्यावर घातला. ११८० किलो. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही. पाण्याची टाकी, फ्रिज, बॅटऱ्या, सगळं जड सामान मागच्या दाराशी, कारण तिथून काढायला सोपं.

माझे वडील शाळेत फारसे गेले नव्हते, पण ही चूक त्यांनी लांबूनच ओळखली असती. बैलगाडीत ऊस भरताना ते मागे जास्त चढू द्यायचे नाहीत. "गाडी उलाळ होईल" म्हणायचे. उलाळ झालेली गाडी जू वर उचलते, बैलांच्या मानेला फास बसतो. फार पुढे भरली तर जू मानेत रुततं. म्हणून किंचित पुढे जड, इतकंच. ट्रेलरचं गणित अगदी हेच आहे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यायला हवा. मागे भार गेला की ट्रेलर डुलायला लागतो आणि वेग वाढला की ते डुलणं वाढतच जातं. पुस्तकात याला जे काही नाव असेल ते असो, आमच्याकडे शब्द आधीपासून आहे.

आता मी काय बांधतोय ते सांगतो. माझा नमुना दुसऱ्या महायुद्धातला आहे. जीपचा मूळ आराखडा अमेरिकेतल्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीने दिला, पण मोठ्या ऑर्डरी विलीज आणि फोर्डला गेल्या. बँटमच्या वाट्याला आलं ते जीपमागे ओढायचं पाव टनी ट्रेलर. बिचाऱ्यांवर अन्यायच झाला, पण ते ट्रेलर काय सुंदर बनवलं! रिकामं असताना अडीचशे किलोच्या आसपास, आणि जवळजवळ तेवढाच भार घेणारं. पेटी पाणी आत न येऊ देणारी, त्यामुळे ओढ्यात तरंगायचं. चाकं जीपचीच, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना. दोन चाकांमधलं अंतरही जीपइतकंच, म्हणजे पुढची गाडी जिथून गेली तिथूनच हे जाणार. युद्ध संपल्यावर उरलेली ट्रेलरं लोकांनी विकत घेतली आणि बायका-मुलांना घेऊन सहलींना नेली. ऐंशी वर्षांत रस्ते बदलले, पण चिखल आणि दगड तेच आहेत.

चाकांमधल्या अंतराची गोष्ट शहरात लक्षात येत नाही. पावसाळ्यानंतर मंडल्याकडच्या कच्च्या वाटेने जाऊन बघा. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडून वाळलेल्या असतात. गाडी चाकोरीत, आणि ट्रेलरचं एक चाक चाकोरीत, एक वरंब्यावर, असं झालं की ट्रेलर तिरकं होऊन ओढत राहतं आणि गाडीला दुप्पट कष्ट पडतात.

तर माझा हिशेब: भरलेलं ट्रेलर ५०० किलो, त्यावर एक किलो नाही. ब्रिटनमध्ये बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे, आणि ते ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्याहून जड नको असाही नियम आहे. मी त्याहून खाली राहतो, कारण आमचे घाट आणि आमची वाहतूक. सांगाडा, आस, पाटे आणि चाकं मिळून १९०. प्लायवूड आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी ७०. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, तीन जेरीकॅनमध्ये, आसाच्या जरा पुढे आणि तळाशी. पाण्याची टाकी मी मुद्दाम टाळली. अर्धी भरलेली टाकी वळणावर डुचमळते, आणि जेरीकॅन रिकामा झाला तर उचलून विहिरीवर नेता येतो. झोपायला जमिनीवरचा तंबू. छतावर उघडणारा तंबू दिसतो देखणा, पण पन्नास-साठ किलो ट्रेलरच्या डोक्यावर ठेवायचे आणि वर रात्री लहान मुलाला शिडीवरून उतरवायचं, हे मला जमणारं नाही.

हुकच्या बाबतीत मात्र मी फौजी राहिलो. कारमागे सहसा गोळ्याचा हुक लावतात. डांबरी रस्त्याला तो चांगला, आवाज करत नाही. पण खडकाळ ओढ्यात गाडी एका बाजूला कलते आणि ट्रेलर दुसऱ्या, तेव्हा गोळ्यावरची वाटी मोकळी फिरू शकत नाही. आपल्या लष्करी ट्रेलरला असते तशी हुक आणि कडी खडखडते खरी, पण कुठेही वळते. शिवाय दोन साखळ्या, हुकखाली फुलीसारख्या आडव्या. हुक सुटलाच तर दांडा जमिनीत घुसत नाही, साखळ्यांवर झेलला जातो.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण विचारतील. मी वर्कशॉपात काम करतो. या ट्रेलरसाठी सरकारी पट्टी, सरकारी बोल्ट, सरकारी वेल्डिंग रॉड यातलं काही वापरलेलं नाही. रविवार माझा, पैसे माझे, वेल्डर बाहेरचा.)

स्वयंपाकघरावरून घरात दोन आठवडे वाद चालला. मी मागच्या बाजूला सरकणारा ओटा काढला होता, दोन शेगड्या, मसाल्यांचे कप्पे, सगळं. बायकोने कागद बघितला आणि म्हणाली, "प्रत्येक पोस्टिंगला मी अख्खं स्वयंपाकघर खोक्यात भरते आणि काढते. आता सहलीलाही एक नवीन स्वयंपाकघर सांभाळायचं मी?" याला उत्तर नव्हतं. कॅम्पिंगची चित्रं काढणारे सगळे पुरुष असतात आणि त्या चित्रात ओट्याशी कोण उभं आहे हे ते काढत नाहीत. ओटा गेला. एक शेगडी, पाच किलोचं छोटं सिलिंडर, एक कुकर, एक तवा. सहलीत स्वयंपाक मी आणि मुलगा करणार, असा करार झालाय. खिचडी, पिठलं, अंडी याच्या पुढे आमची मजल नाही. वीस किलो वाचले.

आता कागदपत्रं. इथे बहुतेकांचा उत्साह मावळतो, किंवा ते काणाडोळा करतात, जे जास्त वाईट. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याला नोंदणी हवी, नंबर हवा, विमा हवा. नोंदणीला उत्पादकाचं विक्री प्रमाणपत्र आणि वाहन रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र लागतं. मी मागच्या पोस्टिंगला चौकशीला गेलो होतो, तेव्हा खिडकीतल्या बाबूने विचारलं, "उत्पादक कोण?" मी म्हटलं, "मी." तो हसला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. त्याचीही चूक नाही म्हणा, त्याच्या फॉर्ममध्ये माझ्यासारख्याला रकानाच नव्हता. ट्रेलरचं सोडा, ओढणाऱ्या गाडीतही मनमानी बदल करता येत नाहीत. मूळ रचनेला सोडून केलेले फेरफार चालणार नाहीत, हे २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही बजावलंय. अपघात झाला आणि बिननोंदणीचं ट्रेलर मागे निघालं, तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच बोट धरेल. समोरच्या गाडीतल्या माणसाचं काय, हा प्रश्न तर आहेच.

हा कायदा मोडावा असं मी म्हणणार नाही. बदलावा असं जरूर म्हणतो. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्था वाहनांच्या चाचण्या घेतात, पण ती व्यवस्था शेकडो नग विकणाऱ्या कारखानदारासाठी आहे. एका नगासाठी ती कोणाला परवडणार? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलं केलं, पण त्यात भर आहे तो व्यावसायिकांवर आणि कॅराव्हॅन पार्कवर. ऑस्ट्रेलियात घरी ट्रेलर बांधणाऱ्यासाठी सरकारचीच नियमपुस्तिका आहे: दिवे कुठे, साखळी कशी, ब्रेक कधीपासून सक्तीचा. आपल्याकडे ७५० किलोच्या आतल्या घरगुती ट्रेलरसाठी असाच एक कागद काढावा. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी व्हावी, वजन करावं, हुक-साखळी-दिवे बघावेत, फी घ्यावी आणि नंबर द्यावा. नियम कडक असले तरी चालतील. आज नियमाने वागू पाहणारा ट्रेलर अंगणात ठेवून बसतो आणि न वागणारा ११८० किलो घेऊन घाट उतरतो.

मी सध्या अंगणात बसलेल्यांपैकी आहे. सांगाडा मी बनवलेला नाही. रीतसर ट्रेलर बनवून कागद देणाऱ्या एका कारखानदाराकडून करून घेतोय, पेटी तेवढी माझी. कागद होऊन नंबर येईपर्यंत तो गाडीला जुंपणार नाही.

गेल्या रविवारी टेम्पोत घालून त्याला धर्मकाट्यावर नेलं. आधी टेम्पोसकट, मग टेम्पो रिकामा, वजाबाकी माझी. सांगाडा आणि पेटी मिळून २८० किलो. काट्याची पावती दहा-दहा किलोनेच सरकते, म्हणून मी वरचे दहाही ट्रेलरच्याच खात्यावर धरले. ठरल्यापेक्षा वीस किलो जास्त. पावती घरी आणून टेबलावर ठेवली. बायकोने वाचली, मुलाने वाचली. मुलाने त्याची सायकल यादीतून काढू नये अशी तोंडी विनंती केली. आता पेटीचं मागचं दार प्लायचं काढून ताडपत्रीचं करायचं, की माझी हत्यारांची पेटी अर्धी करायची, यावर चर्चा चालू आहे. हत्यारांच्या बाजूने घरात मत एकच आहे, माझं.