पप्पांचा पीसी

‘सेकंड हँड? अरे, नवा लॅपटॉप घे ना!’ ऑफिसात सगळ्यांचा एकच सूर. पण पप्पांना हवा मोठा मॉनिटर. आमच्या सांगलीच्या घरातला पीसी २०१९च्या पुरात गेला, पप्पांच्या सगळ्या फोटोंसकट. एवढा जड कॅबिनेट एकट्याने माडीवर नेणार कसा? म्हणून यंदा साताऱ्यात, कंपनीतून निघालेला, जेवणाच्या डब्याएवढा पीसी शोधला. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपलाय. त्यामुळे इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, विंडोज ११ चालणारा, एवढं मात्र बघून घेतलं.

पप्पांनी तो एका हातात उचलून पाहिला. ‘आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं, की हा थेट पिशवीत!’

दोस्तांनो, रॅम नंतर विचारा. आधी विचारा, घरी उचलणार कोण?