समुपदेशनाचा तास कोपऱ्यांत वाटा

कसबा पेठेतल्या प्राथमिक शाळांच्या शिक्षकांना, मुख्याध्यापकांना आणि ज्यांची मुलं या शाळांत जातात त्या आईवडिलांना एक कळकळीची विनंती आहे. मुलांच्या मनाविषयीचा तास भाषण देऊन घेऊ नका.

असा तास बहुतेकांनी पाहिलेला असतो. बाहेरून कुणी ताई किंवा सर येतात. चाळीस मुलं हाताची घडी घालून बसतात. राग आला तर काय करावं, मित्रांशी कसं वागावं, कुणी त्रास दिला तर काय करावं, हे सगळं पस्तीस मिनिटांत सांगून होतं. "कळलं का?" असं विचारलं की वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. पुढच्या बाकावरची चार मुलं उत्तरं देतात आणि तास छान झाला असं सगळ्यांना वाटतं. ज्या मुलासाठी हा तास घ्यायचा, ते मागे भिंतीला टेकून बसलेलं असतं आणि त्याच्या तोंडून एक शब्द निघालेला नसतो. त्याला बोलायचं नसतं असं नाही. चाळीस जणांसमोर हात वर करून "घरी बाबा फार ओरडतात" असं कोणतं आठ वर्षांचं मूल सांगेल?

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. वर्गाचे पाच कोपरे करा. वर्गाला भिंती चार असल्या तरी दाराबाहेरचा व्हरांडा पाचवा कोपरा होतो. आठ-आठ मुलांचे गट करा. प्रत्येक कोपऱ्यात एक काम मांडून ठेवा. ठरलेल्या वेळाने टाळी वाजली की गट पुढच्या कोपऱ्यात जाईल. बाकीच्या जगात वर्ग चालवण्याची ही पद्धत जुनी आहे आणि आपल्याकडेही वाचन कोपरा, गणित कोपरा आता नवीन राहिलेले नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना जमिनीवर, गटांत, हातात साहित्य देऊन शिकतं केलं. ते बघायला राज्यभरातून शिक्षक तिथे गेले. भाषा-गणितासाठी जे जमलं, ते मनाच्या विषयाला तर जास्तच लागू पडतं. मुलाचे हात कामात गुंतले की त्याच्यावर कुणाची नजर रोखलेली नसते, आणि अशा वेळी ते बोलतं.

कोपऱ्यांत काय मांडायचं, ते सांगतो.

पहिला कोपरा मातीचा. कसब्याला माती शोधायला लांब जावं लागत नाही. कुंभारवाड्यातली बरीच घरं मुंढव्याकडे गेली, तरी पेठेतल्या मुलांना शाडू माती ठाऊक आहे, गणपतीच्या आधी हातात येतेच. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा द्यायचा आणि आज मन कसं आहे त्याचा चेहरा करायला सांगायचं. कुणी हसरा करतं, कुणी नुसतेच मोठे डोळे करतं, कुणी चेहरा करून पुन्हा दाबून टाकतं. तिथे कुणी मोठं माणूस असण्याची गरज नाही. शेवटी प्रत्येकाने शेजारच्याला आपला चेहरा दाखवून एक वाक्य सांगायचं, एवढीच सूचना.

दुसरा कोपरा भिरभिऱ्यांचा. घोटीव कागद, टाचणी आणि झाडूची काडी एवढ्यात भिरभिरं होतं. ते जोरात फुंकून गरगरा फिरवायचं नाही. सावकाश, लांब श्वास सोडून ते न थांबता फिरत ठेवायचं. श्वास लांबवला की छातीतली धडधड कमी होते, हे मुलाला सांगावं लागत नाही, त्याचं त्यालाच कळतं. इथे एक सावधगिरी. राग काढण्यासाठी उशी बडवायला किंवा डबा आपटायला लावणारा कोपरा ठेवू नका. बडवल्याने राग निघून जातो ही समजूत सर्वदूर आहे, पण मानसशास्त्रातल्या प्रयोगांत राग धरून बडवणाऱ्यांचा राग वाढलेलाच दिसला आहे.

तिसऱ्या कोपऱ्यात चिठ्ठ्या आणि तीन डबे. डब्यांवर लिहायचं: 'माझं मी बघेन', 'मित्राची मदत घेईन', 'मोठ्यांना सांगायलाच हवं'. गट एकेक चिठ्ठी वाचतो, बोलतो आणि कोणत्या डब्यात टाकायची ते ठरवतो. चिठ्ठ्या या पेठेतल्या असाव्यात. मधल्या सुट्टीत मला खेळायला घेत नाहीत. मिरवणुकीच्या गर्दीत आईचा हात सुटला. रात्री ढोलांच्या आवाजाने झोप झाली नाही आणि सकाळी चाचणी आहे. वाड्यातल्या ओळखीच्या काकांनी मोबाइलवर काहीतरी दाखवलं आणि कुणाला सांगू नको म्हणाले. ही शेवटची चिठ्ठी प्रत्येक वेळी चिठ्ठ्यांत असलीच पाहिजे, आणि ती कोणत्या डब्यात पडली ते तास संपल्यावर शिक्षकांनी न चुकता बघितलं पाहिजे.

चौथा कोपरा ऐकण्याचा. मुलं जोडीने बसतात. ज्याच्या हातात गोटा, तो बोलणार. दुसऱ्याने मधे बोलायचं नाही, नंतर ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. मोठ्यांनाही हे जड जातं. पहिलीच्या मुलांना मिनिटभर पुरे.

पाचव्या कोपऱ्यात शिक्षक किंवा समुपदेशक स्वतः बसतात. इथे मूल कागदावर आपला पंजा ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवतं आणि प्रत्येक बोटावर एकेका माणसाचं नाव लिहितं. भीती वाटली, रडू आलं, काही वाईट घडलं तर ज्याच्याकडे जाता येईल, असं माणूस. आई, आजी, बाई, शेजारच्या मावशी अशी नावं भराभर येतात. एका वर्गात एका मुलाने दोन बोटं भरली आणि बराच वेळ थांबून विचारलं, "बाई, वाड्यातला कुत्रा चालेल?" बाईंनी चालेल म्हणून सांगितलं, आणि त्या आठवड्यात त्याच्याशी रोज पाच मिनिटं वेगळं बोलायला सुरुवात केली. भाषणाच्या तासाला ही रिकामी बोटं कधीच दिसली नसती. कोपऱ्यांची सगळी मांडामांड ज्यासाठी करायची, ते हेच आहे. चार कोपरे आपले आपण चालतात, म्हणून शिक्षकाला आठ मुलांजवळ बसायला मिळतं.

एका तासात पाचही कोपरे उरकण्याचा हट्ट मात्र धरू नका. एका गटाने आज तीन कोपरे करावेत, प्रत्येकी आठ मिनिटं. उरलेले दोन पुढच्या आठवड्यात. पस्तीस मिनिटांतली दहा-अकरा मिनिटं सूचना, जागा बदलणं आणि आवराआवर यातच जातात. पहिल्या दोन-तीन वेळा गोंधळ होईल, शेजारच्या वर्गातून तक्रारही येईल. येऊ द्या. महिन्याभरात मुलांना फिरण्याची सवय लागते. सूचना तोंडी देण्यापेक्षा पुठ्ठ्यावर चित्र काढून कोपऱ्यात टांगा, म्हणजे वाचता न येणारं मूलही अडत नाही. आणि गट करताना ज्याला त्रास होतो आणि जो त्रास देतो, ते दोघं एका गटात येणार नाहीत एवढं आठवणीने पाहा.

यासाठी वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न आता तरी पडू नये. राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. ताणतणाव कसा हाताळावा, नातेसंबंध कसे सांभाळावेत हे त्यात बसणारेच विषय आहेत. त्याआधी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, कृतीतून आणि शोधातून शिकवावं, मुलाला भीती आणि चिंतेपासून मोकळं करावं, त्याला मोकळेपणाने मत मांडता यावं, हे कलम २९ मध्ये लिहून ठेवलं आहे. कोपऱ्यांचा तास म्हणजे शाळेने कायद्यात सांगितलेलं काम करणंच आहे. कुणाची खास परवानगी लागत नाही.

समुपदेशक कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते. आपल्या बहुतेक मराठी प्राथमिक शाळांत एकही नसतो. पण म्हणून तास सोडून द्यायचा नसतो. पुण्यातूनच चालवल्या जाणाऱ्या शांतिलाल मुथा फाउंडेशनच्या 'मूल्यवर्धन'ची सुरुवात २००९ साली बीड जिल्ह्यातल्या शाळांपासून झाली. तिथे जोडीतली चर्चा, गटातलं काम, सहयोगी खेळ हे सगळं नेहमीच्या शिक्षकांनीच घेतलं. आणि त्याहून मागे जायचं तर अनुताई वाघांचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. कसब्यातून पायी जाता येईल इतक्या अंतरावरच्या हुजूरपागेत त्या शिक्षिका होत्या. १९४५ साली त्या बोर्डीला ताराबाई मोडकांकडे गेल्या आणि पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शाळा चालवल्या. विकतची साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, पानं, शिंपले, दगड यांची साधनं केली. मूल घरात सापडत नसेल तर कुरणात जाऊन शिकवलं. त्या काळात तिथे जे होऊ शकलं, ते शनिवारवाड्याच्या हाकेच्या अंतरावर पुठ्ठा, खडू आणि सतरंजी घेऊन होणार नाही, हे मला मान्य नाही.

आता काही गोष्टी कधीही करू नका. मुलांचे पंजे, चेहरे, चिठ्ठ्या वर्गाच्या भिंतीवर लावू नका. केंद्रप्रमुख येणार म्हणून तर मुळीच नाही. उत्तम चेहऱ्याला नंबर देऊ नका. फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका. "तुला मदत होईल अशाच माणसाला सांगेन" असं म्हणा, कारण काही गोष्टी सांगाव्याच लागतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून ते दाबून ठेवणं हा गुन्हा आहे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक पाचव्या कोपऱ्यातल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. कोपरा म्हणजे उपचार नव्हे. जे मूल आठवडेच्या आठवडे जेवत नाही, झोपत नाही, स्वतःला इजा करतं, त्याला डॉक्टरांकडेच न्यायला हवं.

आईवडिलांना एवढंच सांगणं आहे की या तासाचं वहीत काही उमटणार नाही. "आज काय शिकवलं, वही दाखव" असं म्हणून मुलाला कोंडीत पकडू नका. त्याने पंजावर कुणाची नावं लिहिली, हेही खोदून विचारू नका. त्यात तुमचं नाव नसेल, तर मुलावर रागावण्याचं ते कारण नाही. मूल आपणहून काही सांगू लागलं, तर हातातला मोबाइल बाजूला ठेवा आणि ते थांबेपर्यंत ऐका.

आणि पेठेतल्या मंडळांनाही सांगायचं आहे. १८९३ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचा. हजारोंची गर्दी दोरी धरून आवरणारे कार्यकर्ते या पेठेत आहेत. शाळांच्या खोल्या लहान आहेत. मंडळाची खोली, चार सतरंज्या आणि शनिवारी सकाळी दोन माणसं शाळेला दिलीत, तर पाच कोपरे ऐसपैस मांडता येतील. तांबट आळीतल्या एखाद्या कारागिराला वर्षातून एकदा बोलवा. त्यांना हातोडीने भांड्यावर मठारकाम करताना मुलांनी अर्धा तास नुसतं बघितलं, तरी एका भांड्यावर किती वेळ, किती सारखेपणाने हात चालवावा लागतो, ते मुलांना दिसेल. धीर धरा, असं सांगणारा धडा मग वेगळा घ्यावा लागणार नाही. येणाऱ्या प्रत्येक माणसाची शाळेने आधी नीट चौकशी करावी आणि कुणालाही मुलांबरोबर एकटं सोडू नये, हा नियम ओळखीच्या माणसालाही लागू ठेवा.

पेठेत निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी या आठवड्यात जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं, शनिवारचा एक तास मागून घ्यावा आणि तिसरीच्या एका वर्गापासून सुरुवात करावी. पहिल्या शनिवारी दोनच कोपरे मांडले तरी चालतील, पण त्यातला एक पंजाचा असू द्या.