तिसरी ओळ कोणाची?

आमच्या महाविद्यालयात दरवर्षी काव्यस्पर्धा होते आणि दरवर्षी प्रवेशिकेच्या तळाशी एक हमीपत्र असते : 'सदर कविता माझी स्वरचित असून ती अन्यत्र कोठेही प्रसिद्ध झालेली नाही.' मुले न वाचता सही करतात, आम्ही न वाचता ती स्वीकारतो. या हमीपत्राचा मसुदा काही वर्षांपूर्वी आम्हीच केलेला आहे. त्यातील 'स्वरचित' या शब्दाविषयी आम्हां दोघांच्या मनात शंका उत्पन्न झाली ती मात्र कवितेमुळे नव्हे, गिटारमुळे.

आमच्यापैकी एकाने चाळिशी उलटल्यावर गिटार हाती घेतली आणि ब्लूज या प्रकारात तो अडकला. (दुसऱ्याला हार्मोनियमचीही पट्टी कळत नाही, त्याचे काम शंका काढण्याचे.) इंटरनेटवरून त्याची अशाच चार शिकाऊ मंडळींशी ओळख झाली. कॅनडातली एक परिचारिका, इंग्लंडमधले निवृत्त बसचालक, ब्राझीलमधला एक विद्यार्थी आणि पुण्यातला एक अभियंता. पाचांपैकी कोणीही कोणाला प्रत्यक्ष भेटलेले नाही. या मंडळींनी ठरवले की इतरांची गाणी पुष्कळ वाजवून झाली, आता आपले एक गाणे ध्वनिमुद्रित करायचे. प्रत्येकाने आपापल्या घरी वाजवायचे आणि शेवटी सगळे एकत्र जुळवायचे. गाणे 'ओरिजिनल' हवे, हा एकच नियम.

हे ऐकून आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "बारा बार ठरलेले, सूर ठरलेले, ओळ कितीदा म्हणायची तेही ठरलेले; मग यात तुमचे ते काय?" प्रश्न रास्त होता, म्हणून तो थोडा उलगडून पाहिला पाहिजे.

ब्लूजचा सर्वांत रूढ आकृतिबंध बारा बारांचा आहे. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे एका कडव्याचे अठ्ठेचाळीस ठोके. मिनिटाला 72 ठोक्यांची लय धरली तर बरोबर चाळीस सेकंद. कॉर्ड बहुधा तीनच. 'ए' या स्वरात वाजवायचे असेल तर पहिले चार बार ए, मग दोन बार डी, पुन्हा दोन बार ए, त्यानंतर एक बार ई, एक बार डी आणि अखेर पुन्हा ए. शब्दांच्या ओळी तीन. पहिली ओळ म्हणायची, तीच थोड्या फरकाने पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळ चार बारांची जागा व्यापते, पण गळा त्यातली साधारण निम्मीच वापरतो. उरलेल्या जागेत गिटार बोलते. दुसऱ्या ओळीचे शब्द तेच असले तरी तिच्याखालची कॉर्ड बदललेली असते. एकच वाक्य दोनदा ऐकताना पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते ती त्यामुळे. पुनरुक्ती हा दोष आहे असे अलंकारशास्त्र शिकवताना आम्ही वर्गात सांगतो. येथे ती सगळ्या रचनेचा कणा आहे.

हा साचा नसता तर ही पाच माणसे एकत्र येऊच शकली नसती, असे आमचे मत आहे. परस्परांपासून हजारो मैलांवरच्या माणसांना इंटरनेटवरून एकाच वेळी वाजवता येत नाही. आवाज पोहोचण्यास सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाहून अधिक उशीर झाला की लय घसरू लागते. म्हणून प्रत्येकाने कानाला हेडफोन लावून, मेट्रोनोमची टिकटिक ऐकत एकट्याने वाजवायचे आणि फाइल पुढच्याकडे पाठवायची. समोर माणूस नाही, डोळ्यांची खूण नाही, समेवर मान हलवणारे कोणी नाही. अशा वेळी नववा बार आला की सर्वांनी ई वरच जायचे, हा करार पाचांनाही पाठ असतो. वृत्त म्हणजे कवीच्या पायातली बेडी, हे आम्ही ऐकत आणि सांगत आलो. अनोळखी माणसांत झालेला करार म्हणून त्याकडे पाहायचे आम्हांला सुचले नव्हते.

करार असूनही पहिली जुळणी फसली. कारण सांगण्याजोगे आहे. ब्लूजमधला ठोका सरळ दोन भागांत तुटत नाही. त्याचे तीन भाग कल्पून पहिले दोन जोडून धरतात, त्यातून लयीला लंगडा झोल येतो. त्याला शफल म्हणतात. मेट्रोनोम ठोका कोठे पडतो ते सांगतो. दोन ठोक्यांच्या मधल्या अंतरात झोल किती घ्यायचा ते सांगत नाही. बसचालक आजोबांचा झोल ऐसपैस, अभियंत्याचा काटेकोर, आमच्या गिटारवाल्याचा (तो अमान्य करतो) भजनी ठेक्याकडे झुकणारा. तिघेही ठोक्यावर अचूक होते आणि तरीही एकत्र ऐकताना तीन माणसे एकाच जिन्यावरून वेगवेगळ्या चालीने उतरत आहेत असे वाटत होते. शेवटी मेट्रोनोम बाजूला ठेवून आजोबांच्याच वादनाला आधार मानले आणि इतरांनी त्यांच्यावर बेतून पुन्हा वाजवले.

येथे एक गोष्ट नोंदवून पुढे जाऊ. बारा बारांचा काटेकोर हिशेब ही बरीचशी समूहवादनाची गरज आहे. एकट्याने वाजवणारे थोर कलावंत तो पाळतातच असे नाही. जॉन ली हूकर यांनी 1948 साली डेट्रॉइटमध्ये 'बूगी चिलन' मुद्रित केले ते जवळजवळ एकाच कॉर्डवर, पायाने ताल देत. शिकाऊ माणूस जो नियम जिवापाड जपतो, तो नियम गुरूने केव्हाच खिशात घातलेला असतो.

आता 'स्वरचित'कडे येऊ. 1941 च्या ऑगस्टमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे मिसिसिपीत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर पोहोचले. तेथे काम करणाऱ्या एका तरुणाने त्यांना गाणे ऐकवले. पुढे मडी वॉटर्स या नावाने जगभर गाजलेला तोच हा गायक. हे गाणे कसे रचलेस, असे त्याला विचारले गेले. त्याने आधी सांगितले की 1938 साली गाडीचे पंक्चर काढता काढता आपण ते रचले. मग चालीविषयी विचारल्यावर सांगितले की तिच्यावर रॉबर्ट जॉन्सनची एक तबकडी निघालेली आहे. आणि शेवटी सांगितले की आपण ती सन हाउसकडून शिकलो. तीन उत्तरे, एकाच मुलाखतीत, आणि त्यातल्या कोणत्याही उत्तराने दुसरे खोडले जात आहे असे सांगणाऱ्याला वाटत नव्हते. आमच्या हमीपत्रावर त्याने सही केली असती काय? आम्हांला वाटते, निःसंकोच केली असती. आणि ती खोटी ठरली नसती.

मराठीच्या विद्यार्थ्याला हे परके वाटू नये. जात्यावरच्या ओवीतही पहिला चरण बहुधा तयार असतो. तो गावोगाव फिरत असतो. दळणारी बाई तो उचलते आणि पुढे आपल्या भावाचे, लेकीचे, सासरचे नाव घालून ओवी आपली करते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह अशा 1 लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ओवी 'परंपरेची' आहे हे ठाऊक असूनही संकलकांनी बाईचे नाव पुसले नाही.

कारण 'परंपरा' हा शब्द वाटतो तितका निरागस नाही. डब्ल्यू. सी. हँडी यांनी आत्मचरित्रात एक प्रसंग लिहिला आहे : मिसिसिपीतल्या टटवायलर स्थानकावर गाडीची वाट पाहत असता एक फाटक्या कपड्यांतला कृष्णवर्णीय माणूस तारांवर सुरी दाबून गिटार वाजवत, एकच ओळ तीनदा गात होता. हँडी पुढे 'ब्लूजचे जनक' म्हणून ओळखले गेले. त्या माणसाचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. खुद्द हँडींच्या 1912 मधल्या 'मेम्फिस ब्लूज'चे हक्क अवघ्या 50 डॉलरना गेले, म्हणजे उतरंड तेथेही थांबली नाही. मिसिसिपीतल्या त्या शोधमोहिमेचेही तसेच झाले. तिचे श्रेय दीर्घकाळ लोमॅक्स यांच्याकडे राहिले. कृष्णवर्णीय संशोधक वर्क आणि त्यांचे सहकारी यांचे लेखन ग्रंथरूपाने वाचकांपुढे आले ते 2005 साली. विली डिक्सन यांना लेड झेपलिनच्या 'होल लॉटा लव्ह'साठी 1985 मध्ये न्यायालयात जावे लागले आणि 1987 मध्ये तडजोड झाली. ज्याच्या हाती छापखाना, तबकडी आणि वकील, त्याची ती 'निर्मिती'. ज्याच्या हाती काही नाही, त्याची ती 'लोकपरंपरा'. म्हणून 'सगळेच सगळ्यांचे असते' असे कोणी उदारपणे म्हणू लागले की आम्ही सावध होतो.

आपल्या पाच जणांचा पहिला मसुदा, स्पष्टच सांगायचे तर, वाईट होता. त्यात आगगाडी होती, चौरस्ता होता, व्हिस्की होती. कापसाचे शेत येता येता राहिले. ज्यांनी हे दुःख भोगले त्यांच्या नातवंडांनी ते ऐकले असते तर काय वाटले असते? दलित साहित्याच्या निमित्ताने मराठीत हा वाद पूर्वीच झालेला आहे. म. ना. वानखेडे आणि जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकांपुढे आणले, 1972 साली दलित पँथरने आपले नावही तिकडूनच घेतले. आणि भोगलेले लिहिणे व कल्पून लिहिणे यांतील अंतर कोणते, हा प्रश्न आम्ही आजही एम. ए.च्या वर्गात विचारतो. घेणे तेव्हाही होतेच. पण पँथरने घेतलेल्या नावात आपला स्वतःचा अनुभव ओतला होता. या मसुद्यात ओतायला काही नव्हते, नुसते भांडे होते.

मसुदा फाडला तो परिचारिकेने. तिने स्वतःचे लिहून पाठवले : रात्रपाळी संपवून मी घरी येते, स्वयंपाकघरात दिवा जळतो आहे. एवढीच ओळ, दोनदा म्हणायची. ब्लूजच्या नियमाने आता तिसरी हवी होती. अकरा दिवस कोणालाच ती सुचली नाही. घरात कोण आहे, कोणी वाट पाहते आहे, कोणी सोडून गेले आहे, अशा नाना ओळी आल्या आणि पडल्या. मग ब्राझीलच्या मुलाचा एका वाक्याचा निरोप आला : जाताना तो दिवा मीच लावून गेले होते.

गाणे तेथे जन्मले, असे आमच्यातला शंकेखोरही मान्य करतो. पहिली ओळ दोनदा ऐकून मनात जी आशा बांधली जाते, ती तिसरीने एका क्षणात रिकामी होते. आणि तरीही दिवा जळत असतो. त्यानंतरचे सोपसकार लांबले. परिचारिकेने गाऊन पाठवल्यावर गिटारने उत्तर दिले. ते उत्तर ऐकून तिला शब्द निराळ्या जागी थांबवावेसे वाटले, म्हणून तिने पुन्हा गायले. मग गिटार पुन्हा. समोरासमोर बसून एका रात्रीत झाले असते ते सहा आठवड्यांत झाले.

मुद्रण पुरे झाल्यावर शीर्षकाखाली नावे लिहायची वेळ आली. 'शब्द' या रकान्यात परिचारिकेबरोबर त्या मुलाचे नाव असावे, असे आमच्या गिटारवाल्याने सुचवले. मुलगा मधल्या काळात परीक्षेमुळे गळला होता. वादनात त्याचा एकही सूर उरलेला नव्हता. अभियंता म्हणाला, एका ओळीला कसले नाव? आमचे मत विचाराल तर बाकीच्या ओळींपेक्षा त्या एकीलाच आधी. परिचारिकेचेही तेच म्हणणे पडले. मुलाला कळवले, तर त्याचे उत्तर आले की माझे नाव घालू नका. माझी आजी दिव्याविषयी असेच काहीतरी म्हणायची, मी फक्त इंग्रजीत आणले. आजी आता हयात नाही. 'शब्द' हा रकाना हे लिहीत असेपर्यंत रिकामाच आहे.

यंदाच्या प्रवेशिकेत आम्ही 'स्वरचित' हा शब्द ठेवला आणि त्याखाली एक मोकळी ओळ सोडली : 'या कवितेसाठी कोणाकडून काय घेतले?' बहुतेकांनी ती कोरी ठेवली, काहींनी 'लागू नाही' असे लिहिले. द्वितीय वर्षाच्या एका मुलीने लिहिले, 'शेवटच्या कडव्यातले दोन शब्द आईचे. आईला अजून सांगितलेले नाही.' तिचे गुण यामुळे कापायचे का, अशी विचारणा परीक्षकांनी आमच्याकडे केली आहे. कापू नयेत, पण निकाल लागण्याआधी तिने आईला सांगावे, असे आम्ही कळवणार आहोत.