आठवीपर्यंतची शाळा वस्तीतच हवी

सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा 1 एप्रिल 2010 रोजी अमलात आला. पहिली ते आठवी हे सारे प्राथमिक शिक्षण होय, अशी निःसंदिग्ध व्याख्या या कायद्याने केली आणि ते शेजारच्या शाळेत मिळणे हा मुलाचा हक्क ठरवला. महाराष्ट्रातील असंख्य वाड्यावस्त्यांत मात्र हे आठ इयत्तांचे शिक्षण आजही तुकडे पाडून वाटले जाते. चौथी-पाचवीपर्यंत वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंत मोठ्या गावची शाळा, आणि पुढे एखाद्या शिक्षणसंस्थेचे हायस्कूल. कायदा एक आणि शाळा तीन! या रचनेच्या प्रत्येक सांध्यावर मुले गळतात. आणि गळणारी मुले कोणाची असतात, हे सांगण्यासाठी आयोग नेमण्याची गरज नाही.

ती मुले शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची, धनगरांची आणि आदिवासींची असतात. त्यांतही आधी गळते ती मुलगी. धाकट्या भावंडाचा हात धरून वस्तीवरच्या शाळेत जाणारी मुलगी चौथी संपताच परगावच्या वाटेला लागावी, अशी अपेक्षा केली जाते. वाटेत ओढा असतो, रान असते, पावसाळ्यात एस.टी. बंद पडते. आईबाप पहाटेच कामावर गेलेले असतात. मग 'पुढच्या वर्षी बघू' असे म्हटले जाते आणि ते पुढचे वर्ष कधी उजाडत नाही. जुन्या शाळेने दाखला दिलेला असतो, म्हणून तिच्या हजेरीपटावर हे मूल नाही. नव्या शाळेत ते पोचलेलेच नसते, म्हणून तिच्याही पटावर नाही. दोन्ही शाळांचे कागद चोख राहतात आणि मूल मात्र हिशेबातून नाहीसे होते. पहिली ते आठवीची एकच शाळा वस्तीत असेल तर हा दाखल्याचा खेळच संपतो. सातवीतली मुलगी आठ दिवस आली नाही, तर तिला पहिलीपासून ओळखणारे गुरुजी तिच्या दारात जाऊन चौकशी करू शकतात.

मग अशी शाळा सर्वत्र का होत नाही? पहिले कारण खुद्द शासनाच्या नियमांत आहे. 2011 साली राज्याने जे नियम केले त्यांत पाचवीपर्यंतच्या मुलासाठी शेजार एक किलोमीटरचा आणि सहावी ते आठवीच्या मुलासाठी तीन किलोमीटरचा धरला. कायद्याने जे जोडले ते नियमाने तोडले. अकरा वर्षांच्या मुलाने रोज जाऊन येऊन सहा किलोमीटर चालावे, हे ज्यांनी कागदावर लिहिले त्यांची मुले दारातून मोटारीत बसून शाळेला जातात.

दुसरे कारण अधिक खोल आहे. महाराष्ट्रात पाचवीचा वर्ग पूर्वापार हायस्कुलांना जोडलेला आहे. ही हायस्कुले बहुतांशी खाजगी संस्थांची, आणि अनुदान सरकारचे. पाचवी ते आठवीच्या तुकड्यांवर तेथील शिक्षकांची पदे अवलंबून असतात, आणि पदांवर संस्थाचालकांची सत्ता. पाचवी आणि आठवी प्राथमिक शाळांना जोडावी, असे निर्णय 2013 साली निघाले. पाचवीसाठी 2020 साली पुन्हा निर्णय काढावा लागला. एकच गोष्ट दोनदा हुकूम काढून सांगावी लागते, याचा अर्थ हुकमाला कोणाचा तरी अडसर आहे. ग्रामीण भागात शिक्षणसम्राट आणि सत्ताधारी हे पुष्कळदा एकाच घरात नांदतात. अंमलबजावणीचे घोडे पेंड खाते ते येथे! यात हायस्कुलातील सामान्य शिक्षकाचा काहीही दोष नाही. त्याची नोकरी शाबूत ठेवून वर्ग हलवता येतात. पण त्याच्या नोकरीची ढाल पुढे करून संस्थेची मक्तेदारी राखली जाते.

वर्ग मुलांपर्यंत नेण्याऐवजी मुलेच उचलून दूर नेण्याचा घाट 2023 सालच्या सप्टेंबरात घालण्यात आला. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. पानशेत आणि तोरणमाळचे दाखले देण्यात आले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार अशा शाळा 14,783 होत्या, त्यांत 1,85,467 मुले आणि 29,707 शिक्षक होते. म्हणजे शाळेमागे सरासरी साडेबारा मुले आणि दोन शिक्षक. हा केवढा अपव्यय, अशी हाकाटी लगेच सुरू झाली. परंतु पट कमी का, हे कोणी विचारले नाही. चार वर्गांच्या शाळेत बारा मुले असतील, तर वर्गाला तीन मुले पडतात. त्याच वस्तीत आठवीपर्यंतचे वर्ग चालवले आणि मुले टिकली, तर पट चोवीसवर जातो आणि वीसची ती मर्यादा आपोआप ओलांडली जाते. शाळा अर्धी ठेवायची आणि ती अर्धी आहे म्हणून बंद करायची, हा न्याय कोणता?

खर्चाचा हिशेबही असाच लबाड आहे. शाळा बंद झाली की सरकारी अंदाजपत्रकात दोन पगार वाचलेले दिसतात. पण तो खर्च नाहीसा होत नाही. तो मजुराच्या घरी जातो. मुलाला पोचवायला गेलेल्या आईची बुडालेली मजुरी, गाडीचे भाडे, दूरच्या शाळेपायी मुलीचे आधीच उरकलेले लग्न, यांची नोंद कोणत्या लेखाशीर्षाखाली होते? सरकारची बचत ही गरिबांवर लादलेली पट्टीच आहे, आणि तिला विधिमंडळाची मंजुरीही घ्यावी लागत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. वरच्या वर्गांना विषयवार शिक्षक लागतात; विज्ञान-गणित, भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा, असे कायद्याचे परिशिष्टच सांगते. चार-पाच मुलांच्या वर्गाला तीन शिक्षक कोठून आणायचे? याचे उत्तर कोठारी आयोगाने 1966 सालीच दिले होते : शेजारच्या शाळांचे संकुल करा, साधने आणि माणसे वाटून घ्या. पाच-सहा शाळांमिळून विज्ञानाचा एक शिक्षक नेमावा, त्याला प्रवासभत्ता द्यावा आणि ठरल्या वारी तो प्रत्येक शाळेत जावा. पगारदार प्रौढ माणसाने मोटारसायकलवरून दहा किलोमीटर जाणे सोपे, की अकरा वर्षांच्या पोरीने रानातून तीन किलोमीटर चालणे? शासनाने उलटीच दिशा धरली. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयाने कमी पटाच्या वरच्या वर्गांना नियमित शिक्षक नाकारण्याची वाट मोकळी केली. शिक्षक काढून घ्यायचे, मग शाळेचा दर्जा खालावला म्हणायचे, आणि त्या दर्जाच्या नावाने टाळे ठोकायचे, असा हा क्रम आहे.

महाराष्ट्राला तर हे शोभत नाही. निदान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडली. छत्रपती शाहूंनी 1917 साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत शिक्षण द्यावे असे राज्यघटनेने सांगितले. ती मुदत 1960 सालीच संपली. संस्थानिकाला जे सुचले ते लोकनियुक्त सरकारला सुचू नये?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. तीन किलोमीटरचा नियम रद्द करून आठही वर्गांसाठी एकच शेजार धरावा. पाचवी आणि आठवी प्राथमिक शाळांना जोडण्याचे निर्णय संस्थाचालकांची भीड न ठेवता अमलात आणावेत. विषयशिक्षक संकुलातून फिरते ठेवावेत. आणि कोणतीही शाळा ग्रामसभेच्या संमतीवाचून बंद करू नये. ज्या गावांत शाळेवर गंडांतर आहे तेथील पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत हे ठराव मांडावेत व जिल्हा परिषदेच्या दारात नेऊन ठेवावेत. आठवीपर्यंतचे शिक्षण ही सरकारची मेहेरबानी नव्हे. तो कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि तो मुलाच्या पायी चालण्याच्या टप्प्यात आणून देणे हे सरकारचे काम आहे.